पूजेतल्या लॅपटॉपला माझा पाय

आधी शपथ घ्या की हसणार नाय. घेतली? खोटं बोलताय, पण जाऊ दे. चहा ओता, खारी बुडवा आणि ऐका. माझी जेवढी इज्जत गेली ना, तेवढी अख्ख्या वेवजीत कोणाची गेली नसेल. आणि ती पण माईकवर!

सुरुवात शर्तीने झाली. शर्त लावली केत्याने आणि घेतली मी. शहाणं माणूस अशी शर्त घेत नाय. पण शहाणं माणूस दहावीत गणितात नापास पण होत नाय, म्हणजे हिशोब सरळ आहे.

तर मी रेश्मा. राहणारी नरपडची. गणित राहिलं तेव्हा आईने मला उचलून वेवजीला मामाकडे टाकली. "सुषमाकडून चार अक्षरं शिक," बोलली. सुषमाताई म्हणजे मामाची मुलगी. एवढी हुशार की मामाला कोणी रस्ता विचारला तरी तो आधी तिचे बारावीचे मार्क सांगतो, मग रस्ता. तिला नर्स व्हायचंय. लहानपणी कोंबडीचा पाय मोडला तरी ही पट्टी बांधायची. कोंबडी नंतर आम्ही खाल्ली, पण पट्टी एक नंबर होती.

आणि केत्या म्हणजे केतन, ताईचा धाकटा भाऊ. मामीसमोर मी त्याला केतनदादा बोलते, मागे केत्या. तलासरीला कॉम्प्युटरचा क्लास केला तेव्हापासून तो असा चालतो, जसं काय इंटरनेट ह्यांच्याच विहिरीतून निघतं.

घरात लॅपटॉप एकच, ताईचा. वापीहून सेकंडहँड आणलेला. कॅमेरा मेलेला, झाकणाचा एक कोपरा सुटलेला, पण चालू करायच्या बटणात बोट ओळखायची सोय होती. मामा ते बटण पाहुण्यांना दाखवायचा. वापरलं कोणी नव्हतं, पण दाखवायचा.

आणि पासवर्ड? पासवर्ड भिंतीवर! कॅलेंडरच्या बाजूला, खडूने, मोठ्या अक्षरात. मेलचा, ॲडमिशनच्या वेबसाइटचा, लाईट बिलाचा. मामीने गणपतीला घर रंगवलं तेव्हा पासवर्डच्या चारी बाजूंनी ब्रश फिरवला आणि पासवर्ड तसेच ठेवले. देवाच्या फोटोला पण एवढा मान नाय.

आता असं असल्यावर केत्या काय करणार? रोज ताईचा मेल उघडायचा आणि जेवताना मोठ्याने वाचायचा. मैत्रिणीने काय लिहिलं, कोणाचं लग्न ठरलं, सगळं. ताई ताट सोडून उठायची.

"पासवर्ड बदल ना," मी बोलली.

"बदलला तरी शोधतो गं हा. आमच्या घरात पासवर्ड म्हणजे काय, कोणाचं तरी नाव नाय तर बैलाचं नाव."

केत्याने नसलेल्या मिशीवर हात फिरवला. "मला बंद राहील असं कुलूप ह्या घरात अजून बनलं नाय."

"मी बनवू?"

"तू? तुला शंभरातून पस्तीस वजा करायला सांगितले तर तू पस्तीसच मागते."

बस! डोकं फिरलं माझं. "लाव शर्त," मी बोलली.

घटस्थापनेचा दिवस होता. शर्त अशी ठरली की नवरात्र संपेपर्यंत केत्याने लॅपटॉप खोलून दाखवायचा. त्याने खोलला तर शेवटच्या रात्री मी गरब्याच्या माईकवर उभी राहून सगळ्या पाड्याला सांगायचं, कुलूप कसं लावलं, कसं निघालं, आणि शेवटी बोलायचं, "मी ढ आहे." नाय खोलला तर हेच सगळं तो बोलणार.

"आणि वर घागरा घालून!" मी जोडलं.

"चाल ने," तो बोलला. आमच्याकडे गुजरात एवढं जवळ आहे की भांडण मराठीत सुरू होतं आणि तडजोड गुजरातीत होते.

आता मी काय केलं ते सांगते. पासवर्डच ठेवला नाय! ताईनेच कुठेतरी वाचलं होतं की आता वेबसाइटवर पासवर्डशिवाय आत जाता येतं. मला वाटलं काहीतरी मोठं असेल. पण तसं काय नाय. गरब्याच्या ग्राउंडच्या दारावर नवीन पोरगा उभा असला की तो तुम्हाला ओळखत नाय, बरोबर? मग आतून कोणीतरी ओरडतं, "आपलीच आहे रे, सोड तिला!" तसंच. वेबसाइट तुम्हाला ओळखत नाय. लॅपटॉप तिला सांगतो, "आपलीच आहे, सोड." आणि लॅपटॉप तुम्हाला कसा ओळखतो? बोटावरून. बोट वेबसाइटकडे जात नाय, लॅपटॉपच्या पोटातच राहतं. बोट नाय चाललं तर पिन, म्हणजे चार आकडे.

मी लॅपटॉप घेऊन ओट्यावर बसली. केत्याला मामीने दळण आणायला पाठवलेलं, चालत. (पेट्रोल नव्हतं.) सगळ्यात आधी लॅपटॉपने पिन मागितला. आता मला आकडे सुचत नाय, तुम्हाला माहीतच आहे. मान वर केली, समोर जो नंबर दिसला तो ठोकला. परत मागितला, परत बघून ठोकला. झालं. पिन काय कधी लागणार होता? बोट होतं ना!

आणि तेव्हा माझ्या डोक्यात ती आयडिया आली. बघा हं, केत्या म्हणजे असा माणूस की मी दुपारी झोपली तर माझं बोट धरून बटणावर ठेवेल. ताई तर एवढी भोळी की ह्याने चहा करून दिला तर ती स्वतः बोट देईल. म्हणजे बोट ठेवायचंच नाय. मग काय ठेवायचं?

खाली बघितलं. उजवा पाय मांडीखाली होता. डावा समोर पसरलेला, मोकळा. अंगठा माझ्याकडेच बघत होता.

लावला! डाव्या पायाचा अंगठा. लॅपटॉप बिचारा काय जाणे? तो आपला सांगतोय, बोट उचला, परत ठेवा. उचला, परत ठेवा. आता बोटाची कड दाखवा. कड! तुम्ही कधी पायाच्या अंगठ्याची कड बटणाला दाखवलीय? पोटरीत गोळा आला माझ्या. पण शेवटी हिरवी खूण आली. आई नेहमी बोलायची, शिकली नाय तर अंगठाछाप राहशील. बघ आई, राहिली. पण कुठल्या लेव्हलला!

मग मी सुटलीच. ताईचा मेल, ॲडमिशनची वेबसाइट, लाईट बिल, सगळीकडे पासवर्डशिवायचं करून टाकलं. वेबसाइटने विचारलं, जुना पासवर्ड बंद करायचा? कर! बाकीच्या सगळ्या ठिकाणाहून बाहेर पडायचं? पड! ताईच्या मोबाईलमधला मेल पण काढला, कारण केत्या मोबाईल पण बघतो. मेलला जोडलेला नंबर ताईच्या जुन्या सिमचा होता, ते सिम रिचार्ज न करून केव्हाच मेलेलं. राहू दे, मी बोलली, मेलेला माणूस चुगली करत नाय. शेवटी ओलं फडकं घेतलं आणि भिंतीवरचे पासवर्ड पुसले. भिंतीवर तेवढाच चौकोन जुन्या रंगाचा राहिला.

"अगं पण मी कशी उघडणार?" ताई घाबरली.

"तुला पाहिजे तेव्हा मला हाक मार. तू डोळे बंद करायचे, मी खोलून देणार."

"डोळे का बंद?"

"सिक्युरिटी," मी बोलली. हा शब्द एकदा वापरला की आमच्याकडे पुढे कोणी विचारत नाय.

मग काय मजा आली विचारू नका! केत्याने पहिल्या दिवशी सगळ्यांच्या जन्मतारखा टाकल्या. लॅपटॉप रुसून बसला, बंद करून परत चालू कर बोलला. मग त्याने ताईला चहा करून दिला. (बघा! बोलली होती ना?) ताईचं बोट लावलं, नाय उघडला. मामीचं लावलं. मामाचं लावलं, मामाचं बोट भात कापून कापून एवढं घासलेलं की लॅपटॉपला ते बोट आहे हेच पटलं नाय. मग एक दिवस दुपारी मी ओट्यावर पडलेली, तर हा मांजरासारखा आला. माझा एक हात उचलला. पाच बोटं लावून बघितली. फिरून दुसऱ्या बाजूला आला. ती पाच पण लावली. मी घोरतेय, घोरतेय, पोटात हसू मावत नाय. दहाच्या दहा फेल! हा माझ्या पायाशी बसून डोकं खाजवतोय आणि अंगठा त्याच्या गुडघ्याला लागतोय!

"हिने काहीतरी केलंय, मम्मी," तो बोलला.

मामीला ते आधीच वाटत होतं. कारण ताईने हाक मारली की मी चादर घ्यायची, पायापासून पोटापर्यंत पांघरायची, लॅपटॉप चादरीत सरकवायचा, छताकडे बघायचं आणि अंगठा नीट बसेपर्यंत ओठ चावायचा. लांबून ते मंत्रासारखं दिसत असणार. झालं! केत्या पाड्यात बोलला, रेशी मंत्राने मशीन खोलते. दोन दिवसांत शेजारच्या बायका मोबाईल घेऊन दारात. "रेशी, जरा चादरीत घे गं, जावईबापूंनी नंबर टाकून ठेवलाय, उघडत नाय."

मी काय बोलली? तुम्हाला वाटेल खरं सांगितलं. नाय! मी बोलली, "नवरात्रात नाय, उपवास आहे माझा."

आणि रात्री गरबा. तुम्ही आमच्याकडचा गरबा बघितलाय काय? अनवाणी. मुरमाच्या ग्राउंडवर. मी जी उजव्या पायावर ठेका धरायची ना, की आठव्या दिवशी उजव्या अंगठ्याला हा एवढा फोड आला. फुटला, साल निघाली, तरी नाचली. केत्या तिथे साउंड बॉक्स सांभाळायचा. तिथून ओरडायचा, "नाच नाच, शेवटच्या रात्री बोलायचंय तुला!"

"तू घागऱ्याचं माप दे आधी!"

असा आमचा प्रेमाचा संबंध.

मग उगवली खंडेनवमी. आमच्या मामाकडे खंडेनवमी म्हणजे दिवाळीपेक्षा मोठी. ज्या ज्या वस्तूने घर चालतं ती धुवायची, पुसायची, पाटावर मांडायची, हळदकुंकू, झेंडू, नारळ. कोयता, विळे, फावडं, नांगराचा फाळ, मामीची शिलाई मशीन. आणि नियम एकदम कडक. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी दसऱ्याला उठवेपर्यंत वस्तूला हात लावायचा नाय. त्या दिवशी तिला आराम. वर्षभर ती राबते, एक दिवस आपण तिच्यासमोर वाकायचं. मला आवडतं ते, खरं सांगते. माणसांना पण असा एक दिवस पाहिजे.

ह्या वर्षी मामाने लॅपटॉप पण मांडला. फाळाच्या शेजारी, तांदळावर. झाकणाला हळदीची पाच बोटं, वर झेंडू. आत कुंकू लावताना नेमकं त्या बटणावर बोट टेकवलं. केत्याची बाईक अंगणात, तिला पुढे मागे एवढे मोठे हार की बाईक आहे की नवरा मुलगा तेच कळत नव्हतं.

मी खूश होती. पूजा झाली म्हणजे लॅपटॉप उद्यापर्यंत बंद. उद्या शर्त संपलेली. म्हणजे केत्या आज रात्री घागऱ्यात!

दुपारचं जेवण झालं, सगळे जरा लवंडले आणि ताईचा फोन वाजला. डहाणूची मैत्रीण. ताई ऐकता ऐकता उभी राहिली, मग खाली बसली.

"माझं नाव लागलंय," ती बोलली. "डहाणूलाच. नर्सिंगला."

मामी नाचायलाच लागली! मामा रस्त्यावर निघाला, कोणीतरी रस्ता विचारेल ह्या आशेने. पण ताई रडत होती. "आज पाचच्या आत वेबसाइटवर जाऊन सीट मान्य करायची. नाय केली तर खालच्या नंबरला जाणार. मेल चार दिवसांपूर्वी आलाय. मी चार दिवस लॅपटॉप उघडलाच नाय, आणि मोबाईलमधून मेल..."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी छताकडे.

"मग मोबाईलवरून जा ना वेबसाइटवर," मामा बोलला.

"पासवर्ड बंद केला हिने."

"नवीन मागव."

"तो मेलवर येतो. मेल पण लॅपटॉपनेच उघडतो."

"मग लॅपटॉप..." मामा बोलला आणि थांबला. पाटाकडे बघितलं. लॅपटॉप झेंडूखाली आराम करत होता.

मामाला ताईपेक्षा मोठं काय नाय, पण मामाने आयुष्यात पूजलेलं हत्यार त्या दिवशी उचललेलं नाय. त्याचा चेहरा बघवत नव्हता. शेवटी मामी पळत जाऊन बुधा आजाला घेऊन आली. बुधा आजा पाड्यातला सगळ्यात म्हातारा, असल्या गोष्टीत त्याचा शब्द शेवटचा. त्याच्या मागे अर्धा पाडा आला, कारण बुधा आजा घाईत चालला की लोकं मागे जातातच.

आजाने सगळं ऐकलं. पाटासमोर बसला. "माझ्या बापाने एकदा कोयता पुजला," तो बोलला, "आणि त्याच दुपारी म्हशीच्या गळ्याला दोरी आवळली. झाडाला बांधलेली, वेढे पडले. डोळे बाहेर आले तिचे. मग काय बाप म्हशीला बोलला, थांब बाय, उद्या दसऱ्याला सोडवतो?"

मामाने नाय म्हणून मान हलवली.

"पाया पड आणि उचल," आजा मामाला बोलला. "देवी काय सरकारी हापीस आहे?"

मामाने लॅपटॉपला नमस्कार केला, माफी मागितली, उचलला आणि माझ्यासमोर ठेवला. "खोल, रेशी."

आता बघा माझी हालत. समोर मामा, मामी, आजा, अर्धा पाडा. बाजूला केत्या, हाताची घडी घालून. लॅपटॉपवर हळद, कुंकू, तांदूळ. आणि किल्ली कुठे? चपलेत!

"चादर द्या," मी बोलली.

"चादर धुतली सणाची, वाळत आहे," मामी बोलली.

"मग सगळ्यांनी तोंड फिरवा."

"मी नाय फिरवणार," केत्या बोलला. "शर्त आहे."

"मंत्र आहे तर मोठ्याने म्हण ना," मागून एक बाई बोलली. "आम्ही पण शिकू."

ताईने माझा हात धरला. तिचे हात गार पडलेले. "रेशी, काय असेल ते कर गं. माझी सीट जाईल."

काय सांगू तुम्हाला, मी लहानपणापासून शंभर वेळा पकडली गेलीय, पण स्वतःहून कधी कबूल केलेलं नाय. तेव्हा पहिल्यांदा तोंडातून निघालं.

"मंत्र नाय. पाय आहे."

"काय?"

"पायाचा अंगठा लावलाय. बोटाऐवजी."

बाहेर कोंबडी पाय खाजवत होती. सगळ्यांनी आधी तिच्या पायाकडे बघितलं, मग माझ्या. मग मामा. "पाय? पुजलेल्या वस्तूला पाय?" त्याने चप्पल शोधायला सुरुवात केली. मामीने दोन्ही कानांना हात लावला. केत्या जमिनीवर बसला, बोलला, "पाय! तिचा पाय माझ्या गुडघ्याला लागत होता!"

"मामा, तुम्ही बोलले हात नाय लावायचा," मी बोलली. "मी कुठे हात लावला?"

चप्पल सापडली. पण आजा मध्ये पडला. "आधी पोरीची सीट, मग चप्पल."

"पप्पा, ठेवू द्या तिला पाय!" ताई ओरडली. मामाने चप्पल खाली केली. मामीने तांब्या आणला, माझे पाय धुतले, खसाखसा, भांडी घासावी तसे. मी फोड फोड ओरडतेय, कोणाला पडलीय? पुसले. कुंकवाचा टिळा बटणावरून पुसला. मी पाय पुढे केला तर मामीने त्याच्यावर फटका मारला.

"सणाचा दिवस आहे, शुभ काम आहे. उजवा! उजवा पाय पुढे!"

"हां हां, उजवा," मी बोलली आणि उजवा केला.

सगळ्यांनी हात जोडले. काय सीन होता! मी बसलीय लॅपटॉपसमोर, पाय वर, आणि समोर पन्नास माणसं माझ्या पायाला हात जोडून.

अंगठा ठेवला. लॅपटॉप बोलला, ओळख पटली नाय.

परत ठेवला. नाय.

पुसून, फुंकर मारून, देवीचं नाव घेऊन ठेवला. नाय! "पिन टाका."

"फोड!" मी ओरडली. "गरब्याने साल निघाली, म्हणून ओळखत नाय! साल गेली, शिक्का गेला!"

"पिन टाक मग!" ताई बोलली.

"पिन..." मी परत छताकडे बघितलं. "समोर नंबर दिसला तो टाकलेला."

"कुठला समोर?"

"समोर म्हणजे समोर!"

मामा बोलला, लाईटचा मीटर? धावला, वाचून आला. नाय, मीटर ओट्यावरून दिसतच नाय. कॅलेंडर? नाय. एक पोरगा बोलला, बुधा आजाच्या पाठीवर नंबर आहे, त्याने नातवाची क्रिकेटची जर्सी घातलीय. आजा वळला. दोन आकडेच होते.

"तू बसलेली कुठे?" ताई बोलली. "तिथे बस. तशीच बस."

नर्स उगाच नाय होणार ती! मी ओट्यावर गेली, तशीच मांडी घातली, लॅपटॉप समोर, मान खाली. मान वर केली.

समोर केत्याची बाईक. नंबरप्लेटवर झेंडूचा हार.

त्या दिवशी हा चालत गेला होता ना दळणाला? बाईक इथेच उभी होती! चार आकडे, नाकासमोर!

मी वळली. केत्या तिथेच होता. मी काय सांगतेय ते ऐका, मी तेव्हा गप्प राहू शकली असती. हार बाजूला करून, वाचून, कोपऱ्यात जाऊन मीच टाकला असता. पण ताई माझ्याकडे बघत होती, बाईक पुजलेली होती, मामाच्या हातात चप्पल होती आणि माझ्या तोंडाला कधी ब्रेक होता?

"केतनदादा, तुझ्या बाईकचा नंबर काय?"

"का?"

"तू बोल ना!"

त्याने बाईककडे बघितलं. लॅपटॉपकडे बघितलं. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू असा उजेड पडला, जसं लाईट गेल्यावर ट्रान्सफॉर्मरपासून एकेक घर लागत येतं.

"म्हणजे मी नऊ दिवस ज्याच्यावर बसून फिरलो..."

"हो! बोल आता!"

"बोलणार नाय," केत्या बोलला. "टाकणार. मी. माझ्या हाताने. मग लॅपटॉप कोणी खोलला?"

हरामखोर! तो खोलणार म्हणजे तो जिंकणार. घागरा गेला, माईक माझा. मी दात ओठ खाल्ले. पण ताईचे ते गार हात. मी लॅपटॉप त्याच्याकडे सरकवला.

त्याने एका बोटाने, एकेक आकडा, माझ्याकडे बघत बघत टाकला. उघडला! मामाच्या मोबाईलचं नेट जोडलं, ते मध्येच गुजरातमध्ये स्वागत करायला लागलं, त्याला परत ओढून आणलं. ॲडमिशनच्या वेबसाइटने परत विचारलं, तुम्हीच का? परत केत्याने पिन टाकला. (एकदा पुरलं नाय त्याला.) आणि ताईने डोळे मिटून "मान्य" दाबलं.

दाबल्यावर जे झालं ते काय सांगू! मामी रडतेय, आजा हसतोय, मामाने चप्पल टाकून ताईला मिठी मारली. मग लॅपटॉप परत पाटावर ठेवला, परत हळद, परत झेंडू. मला दंड एक नारळ आणि नाक घासून माफी, तीन वेळा. ताईने माझ्या फोडाला पट्टी बांधली, तिची पहिली पेशंट मी. कोंबडी सोडून.

आणि मग संध्याकाळी, आरती झाल्यावर, गरबा सुरू व्हायच्या आधी, केत्याने माईक हातात घेतला.

"चालो, बधा शांती राखो! आपल्या रेश्माबेन दोन शब्द बोलणार!"

सगळा पाडा. शेजारचा पाडा पण. मी वर गेली. मी ठरवलं होतं, असं बोलायचं की हसू केत्यावरच येईल. आवाज काढला आणि सुरू केलं. भिंतीवरचे पासवर्ड सांगितले, लोकं हसली. केत्याने माझी दहा बोटं लावली ते सांगितलं, लोकं लोळली. केत्याचं तोंड उतरलं. वाटलं, हरून पण जिंकली मी!

"हा बोटं शोधत बसला," मी माईकवर बोलली, "आणि मी लावलेला डाव्या पायाचा अंगठा..."

आणि थांबली.

डाव्या?

खाली बघितलं. उजव्या पायाला ताईची पट्टी. डावा अंगठा तिच्या शेजारी. स्वच्छ. गुळगुळीत. फोड नाय, साल गेलेली नाय, काय नाय. मामीने घासून तर आरशासारखा झालेला.

माईक चालूच होता. माझा श्वास बॉक्समधून अख्ख्या ग्राउंडला ऐकू जात होता.

पुढे बसलेली मामी हळूच बोलली, "अगं, डावा की उजवा?"

आता मी "उजवा" बोलू शकली असती. कोणाला कळणार होतं? पण त्या दिवशी कबूल करायची सवयच लागली होती बहुतेक.

"डावा होता, मामी," मी बोलली. "दुपारी उजवा ठेवला."

"तीनदा?" ताई बोलली.

"तीनदा."

आधी कोणाला कळलं नाय. मग केत्याला कळलं. तो साउंड बॉक्सवर पडून असा हसला की बॉक्स शिट्टी मारायला लागला. मग आजा, मग मामा, मग सगळं ग्राउंड, आणि सगळ्यांच्या पुढे माझी सुषमाताई, जिच्यासाठी मी बलिदान दिलेलं, ती पोट धरून!

एक गोष्ट राहिली होती. शर्तीतलं शेवटचं वाक्य. ते मी नाकातल्या नाकात, पटकन, कोणाला ऐकू जाणार नाय असं बोलणार होती. मी माईक तोंडाजवळ घेतला.

"मी ढ आहे," मी बोलली. मोठ्याने, स्पष्ट. आणि शर्त होती म्हणून नाय हं.